मिशीसकट

नाव: प्रदीप भिकाजी ओव्हाळ. पद: उपशिक्षक, तथा प्रभारी मुख्याध्यापक, तथा शाळा व्यवस्थापन समितीचा पदसिद्ध सचिव, तथा पोषण आहाराच्या तांदळाचा रखवालदार. शाळा: प्राथमिक, द्विशिक्षकी, मुक्काम उंबरवाडी, पवन मावळ. पट: बावीस. वय: चव्वेचाळीस. उंची: पाच फूट पाच इंच. वर्ण: सावळा. ओळखीची खूण: उजव्या भुवईवर जुना व्रण. केस: काळे, दाट, भांग डावीकडे. मिशी: आहे.

सदर वर्णन सेवापुस्तकातून घेतले असून त्यातल्या शेवटच्या दोन नोंदी डिसेंबरातल्या एका सोमवारी खोट्या ठरल्या. अशा बदलाची नोंद घेण्याची सेवापुस्तकात तरतूद नाही.

त्या सोमवारी प्रदीप दहा दिवसांच्या रजेवरून शाळेत परतत होता. घोरावाडीहून लोकलने कामशेतला यायचं, स्टेशनजवळ लावलेली मोटारसायकल काढायची आणि खिंड ओलांडून पवनेच्या बाजूला उतरायचं, हा त्याचा सात वर्षांचा रस्ता. रस्ता तोच होता, हेल्मेट मात्र मोठं झालं होतं. केसांना डोक्यावर एवढी जागा लागते हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. प्रत्येक गतिरोधकाला हेल्मेट नाकावर यायचं, तो ते मागे सारायचा, आणि सारता सारता गावात काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवायचा. वाक्यं जुळत नव्हती.

सांगायचं एवढंच होतं, की तो श्रामणेर शिबिराला गेला होता. दहा दिवस अंगावर भिक्खूंचं चीवर, विहारात मुक्काम, दुपारी बारानंतर अन्नाला शिवायचं नाही, आणि पहिल्या दिवशी डोकं, दाढी, मिशी सगळं उतरवायचं, ते शेवटच्या दिवशी पुन्हा. घरातल्या एकाने तरी आयुष्यात एकदा श्रामणेर व्हावं, असा त्याच्या वडिलांचा, भिकाजींचा, आग्रह गेली पंधरा वर्षं चालू होता. प्रदीप गेला तो अर्धा श्रद्धेने आणि अर्धा हा विषय जेवणाच्या ताटावरून कायमचा उठावा म्हणून. शिबिर त्याला आवडलं. दहा दिवस कुणी त्याच्याकडे ऑनलाइन माहिती मागितली नाही.

रजेच्या अर्जात त्याने ‘घरगुती कारण’ लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. वडिलांनी घरातच सांगितलं होतं.

उंबरवाडीची घरं साठ, सगळी शेतकऱ्यांची. ओव्हाळ हे आडनाव कुणाचं, हे मावळात कुणाला शिकवावं लागत नाही. पण गुरुजी बौद्ध आहेत हे सात वर्षांत कुणी त्यांच्यासमोर उच्चारलं नव्हतं आणि गुरुजींनीही उच्चारलं नव्हतं. वाईट कुणीच वागलं नाही. घरोघरी चहा मिळायचा, तो कागदी कपातून. “गुरुजींना नवा कप दे गं,” असं म्हणून गड्डीतला वरचा कप निघायचा. बाकीच्या पाहुण्यांनाही कागदीच मिळतो का, हे प्रदीपने सात वर्षं तिरप्या नजरेने पाहिलं. कधी मिळायचा, कधी नाही. निष्कर्ष काढायला पुरावा कमी होता आणि सोडून द्यायला जास्त.

वाडीच्या तोंडाशी निवृत्तीभाऊ आपल्या तंबूचे खुंटे उपटत होता. हा निवृत्ती म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. भात झोडून झालं की धरणाकडेच्या खाचरात तो चार तंबू ठोकायचा आणि शनिवार-रविवारी पुण्याची माणसं त्यात येऊन झोपायची. प्रदीपने गाडी थांबवली आणि हेल्मेट काढलं. निवृत्तीने आधी डोकं बघितलं, मग वरचा ओठ. हातातला खुंटा त्याने हळूच खाली ठेवला.

“कदी?” त्याने विचारलं.

प्रदीपला वाटलं, केसांचं विचारतोय. “दहा दिवस झाले, भाऊ.”

“धा.” निवृत्तीने डोक्यावरची टोपी काढली. “आन आमाला पत्त्या न्हाई. चालतंबोलतं मानूस व्हतं वो. दोन सालामागं पंदरा ऑगस्टला हितं येऊन कसलं भाषान ठोकलं व्हतं. पोरं उनात चक्कर येऊन पडली, पर म्हातारं थांबलं न्हाई.”

आता प्रदीपच्या लक्षात आलं. दहा दिवसांची रजा, डोकं चकोट आणि वर मिशीही नाही. हिशेब सरळ होता. नवसाला गेलेला माणूस प्रसादाचा पुडा घेऊन येतो, गुरुजींच्या हातात नुसता जेवणाचा डबा होता. मिशीसकट गेलं म्हणजे बापच.

“नाही भाऊ, तसं म्हणजे...”

“ऱ्हाऊ द्या. बोलू नका.” निवृत्तीने त्याचे दोन्ही हात आपल्या मातीच्या हातात धरले आणि बराच वेळ धरून ठेवले. सात वर्षांत प्रदीपला या गावात कुणी हात लावला नव्हता. निदान लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. हात सोडवून घ्यायचे तर आता सगळं सांगावं लागणार होतं. श्रामणेर म्हणजे काय, ते का, तुमच्यात असतं का, म्हणजे तुम्ही... त्याने हात तसेच राहू दिले.

“शेंडी न्हाई ठिवली?”

“नाही.”

“आता कोन ठिवतंय,” निवृत्ती म्हणाला आणि टोपी परत घातली.

दहा दिवस प्रदीप सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणत होता. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. शाळेपर्यंतच्या पाव किलोमीटरात त्याने स्वतःची चौकशी केली आणि असा निष्कर्ष काढला, की तांत्रिकदृष्ट्या आपण खोटं बोललेलो नाही, फक्त एका माणसाला बोलू दिलं आहे. हा निष्कर्ष शाळेच्या फाटकापर्यंतही टिकला नाही.

बातमी त्याच्या आधी पोचली होती. बावीस मुलं हाताची घडी घालून बसली होती. हे दृश्य त्याने तपासणीच्या दिवशीही पाहिलेलं नव्हतं. तिसरीतली अपेक्षा उठून म्हणाली, “गुरुजी, आमी आज दंगा करनार न्हाई.” त्याने फळ्यावर तारीख लिहिली, पुसली, पुन्हा तीच लिहिली.

दुपारी खिचडी शिजवणाऱ्या नंदाबाई आल्या. खिचडी वाढून झाल्यावर त्यांनी पदराखालून एक ताट काढलं. नाचणीची भाकरी, पिठलं, कांदा.

“कडू घास हाये, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “दुक्काच्या घरी दुसऱ्यानं न्हेयाचा आसतो. धा दीस होऊन गेलं, पर मला आजच कळालं. खावा.”

ताट घरचं होतं, पितळी, काठावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं. प्रदीपने ते नाव वाचलं. नंदाबाई समोर बसून राहिल्या, तो शेवटचा घास गिळेपर्यंत. भाकरी उत्तम होती. सात वर्षांत जे कधी पुढ्यात आलं नव्हतं ते बाप मेल्याच्या तिसऱ्या तासाला आलं होतं, आणि बाप त्या वेळी घोरावाडीत दुपारची झोप काढत होता.

मंगळवारी तीन घरांतून बोलावणं आलं. तिन्ही घरी चहा कपबशीतून मिळाला. प्रदीपला बशीत चहा ओतून पिताना इतकी अस्वस्थता कधी वाटली नव्हती. त्याला बसवेना. वर्गात शिकवताना तो व्हरांड्यात जायचा, व्हरांड्यातून पुन्हा आत, आणि हात आपोआप डोक्यावर. डोकं गार लागायचं. दोन दिवसांची खुंटं हाताला टोचायची.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका राजेश्वरी मॅडम लोणावळ्याहून येत. मंगळवारी दुपारी त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, “सर, मला एक फोन करायचात. मी इतकी का परकी?”

तेव्हा त्याने त्यांना सांगितलं. सगळं. मॅडमनी डोळे पुसले आणि रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला.

“म्हणजे ते ठणठणीत आहेत.”

“गुडघा दुखतो जरा.”

“आणि तुम्ही नंदाबाईंची भाकरी खाल्लीत.”

“त्या समोर बसल्या होत्या.”

“मग आत्ता जा आणि सांगा.”

“काय सांगू? वडील जिवंत आहेत म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग डोकं कशाला केलं?”

“मग त्याचं उत्तर द्या ना. त्यात लपवण्यासारखं काय आहे?”

लपवण्यासारखं काही नव्हतंच. म्हणून तर सांगणं अवघड होतं; सात वर्षं जे लपवलं नाही आणि सांगितलंही नाही, ते आता कुठल्या तोंडाने सांगायचं. मॅडम एवढंच म्हणाल्या, “शनिवारी समितीची सभा आहे. त्याच्या आत आटपा. नंतर मला माहीत होतं म्हणून मीही तुमच्यात धरली जाईन.”

बुधवारी तो निवृत्तीच्या घरापर्यंत गेला. निवृत्ती गाईची धार काढत होता. धार काढणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये असं ठरवून तो परत फिरला.

गुरुवारी संध्याकाळी घरी आला तर भिकाजी इस्त्री करत होते. पांढरा सदरा. भिकाजी ओव्हाळ, वय सत्त्याहत्तर, देहूरोडच्या लष्करी डेपोतून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त. सदऱ्याची कॉलर ते अजूनही डेपोतल्यासारखी दोन्ही बाजूंनी दाबत.

“कुठे निघालात, आबा?”

“तुझ्या शाळेत. शनिवारी.” भिकाजींनी इस्त्री उभी केली. “सकाळी तू आंघोळीला होतास तेव्हा तुझा फोन मी घेतला. तो निवृत्ती म्हणून अध्यक्ष आहे ना तुमचा, त्याचा होता. शनवारी कार्यक्रम ठेवलाय म्हणाला. म्हाताऱ्यांचं पूर्ण नाव, जन्मसाल, नोकरी कुठे होती सांगा, फ्लेक्सला पाहिजे. मी सगळं सांगितलं. फोटो मागितला, तो पण धाडला. तो कोट घातलेला.”

“तुम्ही कोण बोलताय ते नाही विचारलं त्याने?”

“नाही. घरचंच कोणीतरी, एवढं पुरे त्याला. मोठा सभ्य माणूस. ठेवताना म्हणाला, समद्यांची काळजी घ्या.” भिकाजींनी सदरा खांद्यांवर धरून पाहिला. “माझा सत्कार करतायत रे. तुझ्यामुळे. तू दहा दिवस चीवर घातलंस, गावाने बापाची आठवण काढली. मी म्हणत होतो ना?”

प्रदीप तांब्याभर पाणी प्यायला. मग अजून एक तांब्या प्यायला. शुक्रवारी त्याने पुन्हा निवृत्तीला गाठलं, पण निवृत्ती कामशेतहून फ्लेक्स घेऊन नुकताच आला होता आणि ती गुंडाळी उलगडून दाखवण्याच्या घाईत होता. प्रदीप म्हणाला, उद्याच बघतो. त्याचा अर्थ निवृत्तीने, गुरुजींना सोसवत नाही, असा घेतला.

म्हणजे उरला शनिवार, सकाळची शाळा, आणि घोरावाडी ते कामशेत ही मधली तीन स्टेशनं. तळेगाव गेलं तेव्हा भिकाजी भाषणाचे मुद्दे बोटांवर मोजत होते. वडगाव सुटल्यावर प्रदीप म्हणाला, “आबा, तो सत्कार नाही.”

“मग?”

“शोकसभा आहे.”

“कोणाची?”

प्रदीपने खिडकीबाहेर पाहिलं. “तुमची.”

कान्हे आलं. दोन बाया भाजीच्या पाट्या घेऊन चढल्या. भिकाजींनी पाय जवळ घेऊन त्यांना जागा करून दिली. गाडी सुटली आणि प्रदीपने सोमवारपासूनचं सगळं सांगितलं: ‘कदी’पासून कडू घासापर्यंत. भिकाजींनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि हे त्यांच्या बाबतीत दुर्मीळ होतं.

“म्हणजे मी मेलो,” ते शेवटी म्हणाले.

“लोकांना वाटलं.”

“वाटू दे. माणूस आहे, मरायचाच. त्याचं मला काही नाही.” त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्यावरून हात फिरवला. “पण मी मेल्यावर माझ्या पोराने दहावा घातला, डोकं केलं, असं साठ घरं समजून बसली, हे कसं? चौऱ्याहत्तर साली माझा बाप गेला. धम्म घेऊन अठरा वर्षं झाली होती, तरी आमच्याच भावकीने अंगणात न्हावी आणून बसवला. बाकीचं सोडलं, एवढं कर म्हणे. मी त्या न्हाव्याला चहा पाजला आणि घरी पाठवला. दोन वर्षं भावकी माझ्याशी बोलली नाही. दोन वर्षं. आणि तू सोमवारपासून बसल्या जागी माझा दहावा उरकलास. तेसुद्धा बुद्धासाठी काढलेल्या केसांवर.”

भाजीवाल्या बायांपैकी एकीने प्रदीपच्या डोक्याकडे पाहिलं, मग भिकाजींकडे, आणि तोंड फिरवलं.

“मला सांगता आलं नाही, आबा.”

“ते दिसतंय. तुला बुद्धाचं नाव घेता येईना म्हणून तू मला मारलंस. आता सांगणार कोण, तू का मी?”

“मी.”

“मग चल. इस्त्री तर झालीच आहे.”

मोटारसायकलवर भिकाजी मागे बसले. हेल्मेट त्यांना दिलं होतं; त्यांच्या डोक्यावर ते बरोबर बसलं. शाळेच्या अंगणात तीसेक माणसं सतरंजीवर होती. झेंड्याच्या खांबाला फ्लेक्स बांधला होता: ‘भावपूर्ण श्रद्धांजली. कै. भिकाजी सखाराम ओव्हाळ. शोकाकुल: समस्त ग्रामस्थ उंबरवाडी.’ वर कोटातले भिकाजी. खाली मोटारसायकलवरून उतरणारे भिकाजी. त्यांनी हेल्मेट काढलं आणि धरणाकडच्या पंपाचा आवाज एकदम ऐकू यायला लागला.

भिकाजींनी कुणाकडे न बघता फ्लेक्स जवळ जाऊन वाचला. “साल चुकलंय,” ते म्हणाले. “मी अठ्ठेचाळीस सांगितलं होतं, इथे सत्तेचाळीस आहे. आणि ते कै. काढा. आम्ही कैलासात जात नाही. आमच्यात कालकथित लिहितात.” थोडं थांबून त्यांनी पुस्ती जोडली, “तेही एवढ्यात नको.”

मग ते खुर्चीवर बसले आणि मुलाकडे बघू लागले.

प्रदीप उभा राहिला. हात डोक्याकडे निघाला होता, तो त्याने खिशात घातला. “हे माझे वडील. ते वारले नाहीत. मी केस त्यांच्यासाठी काढले नाहीत. मी दहा दिवस श्रामणेर होतो, म्हणजे भिक्खूंसारखं राहतात, त्यासाठी डोकं करावं लागतं. आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात कुणी मेलं तर केस काढत नाहीत. सोमवारी भाऊंनी विचारलं तेव्हाच हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.”

निवृत्ती फ्लेक्सखाली उभा होता. त्याला राग आला होता, आणि तो त्याने लपवला नाही. “बौद्ध हायेत ते कुनाला म्हाईत न्हाई, गुरुजी? आडनाव वाचता येतं आमाला. पर जित्या बापावर फुलं वाहायला लावली आसती तुमी.”

“माहीत होतं तर सात वर्षांत कुणी बोललं नाही.”

“तुमी तरी कुटं बोलला? आमी म्हनलं, गुरुजींना नको आसंल.”

कागदी कपाचं विचारावं असं एक क्षण प्रदीपच्या जिभेवर आलं, पण तीस माणसांच्या शोकसभेत कपांविषयी बोलणं त्याला जमलं नाही, आणि पुढेही कधी जमलं नाही.

नंदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “जित्या मानसाचा कडू घास घातला म्या. कसलं पाप म्हनायचं हे.”

“कशाची भाकरी होती?” भिकाजींनी विचारलं.

“नाचनीची.”

भिकाजी मुलाकडे वळले. “आणि तू एकटा खाऊन आलास?”

कुणीतरी हसलं. मग दोन-चार जण हसले. सगळे नाही, निवृत्ती हसला नाही, मागच्या रांगेतले दोघं उठून गेले, ते रागाने की म्हशी सोडायला, हे कळलं नाही. राजेश्वरी मॅडमनी फ्लेक्सची वरची दोरी सोडली. अपेक्षाने गुरुजींच्या डोक्याला हात लावून बघू का असं विचारलं, आणि त्यानंतर बावीसच्या बावीस मुलांनी रांगेने हात लावला. माणसं जमलीच आहेत म्हणून भिकाजींनी श्रामणेर म्हणजे काय ते पंचावन्न मिनिटं समजावून सांगितलं. निवृत्ती शेवटपर्यंत बसला. उठताना म्हणाला, “म्हातारं मरायला टेकलंय आसं काय वाटत न्हाई,” आणि हे त्याने प्रदीपला नाही, मॅडमना सांगितलं.

सभा लावली होती तेव्हा इतिवृत्त लिहिणं भाग होतं. पदसिद्ध सचिव या नात्याने प्रदीपने त्याच दिवशी ते लिहिलं: ‘विषय क्र. १, शोक प्रस्ताव. सदर विषयातील व्यक्ती सभेस समक्ष उपस्थित असल्याने व त्यांनी प्रस्तावातील मजकुरास हरकत घेतल्याने सदर विषय सर्वानुमते तहकूब ठेवण्यात येत आहे.’ खाली अध्यक्षांची सही आहे, सचिवांची आहे, तारीख आहे, शिक्का आहे.

भिकाजी ओव्हाळ मार्चमध्ये वारले. प्रदीप पाचव्या दिवशी शाळेत हजर झाला. डोक्यावर केस होते, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.